खळं न पडलेली ताटली

मी एक जुनी उबेची पेटी आहे, मित्रांनो. इनक्युबेटर म्हणतात मला. नाही हो, अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात ती मी नव्हे! मी मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खोलीत उभी असते आणि माझ्या पोटात जंतू वाढतात. नाकं मुरडू नका. माणसाच्या अंगाइतकी ऊब रात्रंदिवस धरून ठेवायची म्हणजे काही पोरखेळ नाही.

माझं काम असं. रुग्णाच्या रक्तात जंतू सापडले, की ते एका चपट्या ताटलीत पसरतात, वर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात आणि ताटली माझ्या हवाली करतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या टिकलीभोवती जंतू वाढलेलेच नसतात, स्वच्छ गोल दिसतो. आमच्याकडे त्याला खळं म्हणतात, चंद्राभोवती पडतं तसं. खळं पडलं की ते औषध त्या रुग्णाला लागू पडेल अशी आशा.

मी नवी होते तेव्हा काय ऐट होती माझी! ताटली काढावी तर खळीच खळी, एकमेकांना भिडलेली. इथे काम करणारी ताई वरच्या मजल्यावर फोन करून खणखणीत आवाजात औषधाचं नाव सांगायची. पुढे जंतू औषधांना सरावले आणि खळी आक्रसत गेली. माझ्या दाराचं रबर झिजलं, त्याला चिकटपट्टी लागली, ताईचे केस पिकले. फोनवरचा तिचा आवाजही खाली आला.

परवा तिच्या धाकट्या भावाची ताटली आली. आतड्याच्या ऑपरेशननंतर ताप उतरेना, जंतू रक्तात भिनलेले. हा भाऊ म्हणजे घरचा लाडोबा. साधी सर्दी झाली तरी म्हणायचा, "ताई, येताना त्या जोरदार गोळ्या आण गं." ती आणायची. दोन दिवसांत बरं वाटलं की हा उरलेल्या फेकून द्यायचा. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याला ती हे कौतुकानं सांगायची.

सकाळी तिनं ताटली उजेडात धरली. एकाही टिकलीभोवती खळं नव्हतं. जंतू अगदी टिकल्यांना खेटून माजले होते.

"अजून थोडा वेळ ठेवते," ती म्हणाली.

"ताई, ठेवून काय होणार?" चष्मेवाला चाचरत म्हणाला. "आधी पडलं नाही ते मागाहून पडत नाही, असं तुम्हीच डॉक्टरांना ठणकावून सांगता ना?"

"गप्प बस रे! ठेवते म्हटलं ना."

तिनं ताटली परत आत ठेवली आणि माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली. फार वाईट वाटलं हो मला. वाटलं, आत्ता बंद पडावं, गार व्हावं. पण ते माझ्या हातात कुठे? तिच्याच भावाच्या जिवावर उठलेल्यांना मी ऊब देत राहिले.

दुपारी तिनं ताटली काढली आणि न बघताच बाजूला ठेवली. मग वर फोन लावला. "आईला बाहेर ताटकळत ठेवू नका. आत त्याच्याजवळ बसू द्या."

संध्याकाळी तो गेला.

मित्रांनो, दर शिंकेला गोळ्या मागू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध मनानं मध्येच सोडू नका. तुम्ही ऐकाल असं मला आता वाटत नाही, रोज नव्या ताटल्या येतातच आहेत. तरी सांगते. जंतू वाढवायचं काम माझं आहे, तुमचं नव्हे.