रिकामा न परतणारा अभ्रा

मित्रांनो, उशीला जो कपडा घालतात आणि ज्याला घरात कुणी कधी नावाने हाक मारत नाही, तो अभ्रा म्हणजे मी. मी जुना आहे, सुती आहे, आणि माझ्या पोटावर निळ्या दोऱ्याने ‘गोड स्वप्नं’ असं भरलेलं आहे. माझ्यावर आजवर जितकी डोकी टेकली, त्याहून जास्त साप माझ्या आत झोपले आहेत. सगळ्यांना स्वप्नं गोडच पडली की नाही ते मला सांगता येणार नाही. तक्रार मात्र एकाचीही आलेली नाही.

माझा जन्म ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावात, ओपल मावशींच्या शिवणयंत्रावर झाला. भाचीच्या लग्नात द्यायला त्यांनी आम्हा जुळ्यांना एकाच कापडातून बेतलं. मी त्या भाचीच्या, म्हणजे लोरीनच्या उशीला गेलो. माझा जुळा तिच्या नवऱ्याच्या, वेंडल हॅगर्टीच्या उशीला गेला. वेंडल कामाने घरोघरच्या गॅसच्या टाक्या भरणारा, आणि मनाने सापवाला. जुळ्याच्या नशिबी त्याचं घोरणं आलं आणि मी सुखात राहिलो. पण सुख कुणाला पचलंय?

एका शनिवारी वेंडल तलसा शहरातल्या सापांच्या मेळाव्याला निघाला. जाताना त्याने मला उशीवरून ओरबाडून काढलं. संध्याकाळी तो परतल्यावर लोरीन झोपायच्या खोलीत आली आणि दारातच थबकली.

“वेंडल, माझी उशी उघडी का?”

“तिचे कपडे धुवायला टाकलेत.”

“मग त्या धुण्यात वळवळ कसली चाललीय?”

अशी माझी बदली झाली. बढती की शिक्षा, ते अजून ठरलेलं नाही.

सापवाल्यांना अभ्र्यासारखी दुसरी पिशवी नाही. कापडातून हवा खेळते, आत अंधार असतो, तोंडाला गाठ मारली की साप वेटोळं घालून गप्प बसतो. शिवणीचे दोरे त्याला अडकू नयेत म्हणून आम्हाला उलटं करून वापरतात. त्यामुळे ‘गोड स्वप्नं’ ही अक्षरं कायम सापाच्या बाजूला. वाचणाऱ्याच्या बाजूला नुसत्या शिवणी. आयुष्यात असं होतं.

वेंडलच्या मागच्या खोलीत कप्प्याकप्प्यांत डबे होते आणि डब्यांत बोआ. बोआ म्हणजे अजगराच्या नात्यातला साप, पण तो अंडी देत नाही, थेट पिल्लं देतो. त्याचा मूळ रंग तपकिरी. पण या लोकांना मूळ रंग पाहवत नाही. कुणी गेरूच्या रंगाचे वाढवतो, कुणी विटकरी, कुणी पांढरे. वेंडलला पांढऱ्याचं वेड. त्याचा बिस्किट नावाचा नर म्हणजे लोण्याचा गोळाच लांब करून ठेवलेला.

वेंडलचं रंगांवर प्रेम होतं. पारख होती असं मी म्हणत नाही. स्वयंपाकघराची भिंत अर्धी रंगवून झाल्यावर त्याचा पांढरा रंग संपला. त्याने दुकानातून कुठला तरी दुसरा पांढरा आणून उरलेली अर्धी रंगवली. लोरीन म्हणाली, “दोन भिंती दिसतायत.” वेंडल म्हणाला, “पांढरा तो पांढरा.” तेव्हापासून ऊन पडलं की ती भिंत आपली जोडगोळी दाखवत बसते.

त्यांची मुलगी मार्लीस चालायला लागली ती सापांच्या डब्यांना धरूनच. बाप-लेक दोघं मिळून डबे धुवायचे, मेळाव्यांना जायचे. मला गाडीत पुढची जागा असायची. “अभ्रा मांडीवर घे गं,” असं वेंडल म्हणाला की मार्लीस मला लेकरासारखी धरायची. मेळाव्यात लोक म्हणायचे, “काय सुरेख काम आहे!” त्यांना साप म्हणायचा असायचा. मी ते भरतकामाचं कौतुक म्हणून ठेवून घेतलं.

मार्लीस मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात कामाला लागली, तिने स्वतःचे बोआ घेतले. आणि मग भांडण झालं. कशावरून म्हणाल, तर डब्याखालच्या उबेवरून. वेंडल म्हणाला दोन अंश जास्त हवेत, मार्लीस म्हणाली दोन अंश कमी. दोघंही तितकेच हट्टी. ती सापांसकट गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. दोन अंशांवरून दोन वर्षं अबोला! मी मागच्या खोलीत खिळ्याला लटकत राहिलो. कोळी माझ्या तोंडात जाळं विणायचा आणि वेंडल माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा.

शेवटी लोरीनने एका दुपारी मला खिळ्यावरून काढून झटकलं. ती सापाला हात लावत नाही, पण सापवाल्यांचे नियम तिला पाठ आहेत. एका हातात बटाट्याच्या भाजलेल्या थराची परात, दुसऱ्या हातात मी, अशी ती मार्लीसच्या दारात उभी राहिली.

“परात माझ्याकडून. अभ्रा तुझ्या बापाकडून.”

“त्यांनी पाठवला?”

“हो,” लोरीन म्हणाली. वेंडल तेव्हा घरी झोपला होता. “बिस्किटला जोडीण नाही. तुझ्याकडे पांढरी मादी आहे, नर नाही.”

“आई, यात तर काहीच नाही.”

“म्हणूनच तर. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे तुला शिकवलंय ना मी?”

मार्लीसने माझ्या शिवणी एकेक करून चाचपल्या. मग आतून तिने डचेसला आणलं. डचेस म्हणजे तिची पांढरी मादी, मांडीएवढी जाड आणि स्वभावाने थेट आत्याबाई. ती माझ्यात शिरली आणि मला पुन्हा वजन आलं.

सापवाल्यांचा रिवाज असा की पिल्लं झाली की निम्मी नरवाल्याची, निम्मी मादीवाल्याची. दोन्हीकडून पांढरा, म्हणजे पिल्लं सगळीच पांढरीशुभ्र, यात कुणालाही शंका नव्हती. लोरीन मात्र पिल्लांचा हिशोब करतच नव्हती. ती मला खिळ्याला लावताना पुटपुटली, “पिल्लं पांढरी झाली की पोर रविवारी जेवायला यायला लागेल. नाही झाली, तर दोघं पुन्हा एकमेकांची तोंडं बघणार नाहीत.”

हिवाळ्यात जोडी जमली. वसंतात डचेसने खाणं सोडलं आणि पोट वर करून पडू लागली. नवखा माणूस घाबरेल, पण गाभण बोआ अशीच पडते. वेंडलने दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीला फोन केला.

“उताणी पडलीय.”

“बरं.”

“उबेचं काय करू?”

मग मार्लीस म्हणाली, “तुमचा आणि माझा, मधला अंश ठेवा.”

त्याने ठेवला. लोरीन स्वयंपाकघरात जाऊन कुणाला दिसू नये अशी रडली. म्हणजे मला दिसली. मी खिडकीबाहेरच दोरीवर वाळत होतो.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी, लोरीन चर्चला गेलेली असताना, डचेस व्याली. पातळ पडद्यांतून एकेक पिल्लू डोकं काढून पहिला श्वास घेत होतं. हातभर लांब, बोटाएवढी जाड, टवटवीत पिल्लं. वेंडल गुडघ्यांवर बसून बघत होता. पहिलं तपकिरी निघालं. दुसरंही. “पांढरी मागून येत असतील,” तो म्हणाला. जणू ती गाडीच्या शेवटच्या डब्यात बसली होती! शेवटचंही तपकिरी निघालं.

त्याने डचेसला दुसऱ्या डब्यात हलवलं, तिचा डबा धुवायला स्वयंपाकघरात नेला, पिल्लांना माझ्यात ठेवलं आणि फोन उचलला.

“झाली.”

“सगळी धडधाकट?”

“हो.”

“पांढरी ना?”

“तू ये.”

मार्लीस आली. टेबलावर मी फुगून हलत होतो. तिने माझं तोंड उघडून आत डोकावलं.

“बाबा, ही कुणाची पिल्लं?”

“तेच मी तुला विचारणार होतो. बिस्किटच्या आधी तुझ्या डचेसचं कुठं काही...”

“माझ्या डचेसच्या चारित्र्यावर बोलू नका! ती घराबाहेर पडलेली नाही. तुमच्या खोलीत तो तपकिरी नर आहे ना, ज्याच्या डब्याची खिट्टी तुटलीय?”

“तो? तो स्वतःच्या पाण्याच्या भांड्यापर्यंत जात नाही! म्हातारा झालाय!”

“म्हातारे तुम्हीही झालात, पण हट्ट गेला का?”

“मग घेऊन जा तुझी आत्याबाई आणि तिची ही गुपितं!”

“नेतेच!”

तिने माझं एक टोक धरलं, त्याने दुसरं. मित्रांनो, ओपल मावशींची शिवण पक्की होती, पण ती दोन हॅगर्टींसाठी बेतलेली नव्हती. मी बगलेपासून तळापर्यंत टर्रकन फाटलो.

पुढचं दृश्य असं की फरशीवर सगळीकडे पिल्लं. काही स्टोव्हखाली, काही खुर्चीच्या पायांना, एक वेंडलच्या बुटाच्या लेसशी ओळख करून घेतंय. बाप-लेक रांगत रांगत एकेकाला उचलतायत, आणि नुकतीच जन्मलेली पिल्लं दोघांच्याही बोटांना निःपक्षपातीपणे चावतायत. नेमकी त्याच वेळी लोरीन चर्चमधून आली. परात घेऊन गेली होती, तीत कुणीतरी केक घालून दिला होता.

तिने परात फ्रिजवर ठेवली. मला फाटक्याला उचललं. उरलेलं तोंड पसरून धरलं.

“टाका यात. हात लावणार नाही मी, पण धरून उभी राहते. आणि भांडण कशाचं?”

“पांढऱ्याला पांढरी दिली आणि सगळी तपकिरी झाली!” वेंडल टेबलाखालून ओरडला.

“ही म्हणते माझा नर बदफैली,” तोच पुढे म्हणाला, “मी म्हणतो तिची मादी.”

एक पिल्लू एवढ्यात पडद्यावरून सरकत भिंतीशी पोचलं होतं. ऊन नेमकं तिथेच पडलं होतं. लोरीनने भिंतीकडे बोट केलं.

“आधी हे सांग, यातला पांढरा कुठला?”

“दोन्ही पांढरे.”

“एक आहे का?”

“लोरीन, भिंतीचं आता काय मध्येच...”

पण मार्लीस उठून उभी राहिली होती. ती पळत मागच्या खोलीत गेली आणि बिस्किटला उचलून डचेसच्या डब्याशी घेऊन गेली. “बाबा, इकडे या!” वेंडल गेला. दारातून मलाही दिसलं. बिस्किट लोण्यासारखा पिवळसर, डचेस पिकल्या पीचसारखी गुलाबी.

“दोन वेगळे पांढरे,” मार्लीस हळूच म्हणाली. “वेगळ्या घराण्यांचे. पिल्लू पांढरं व्हायला दोन्हीकडून एकच पांढरा लागतो. इथे बापाकडून एक आला, आईकडून दुसरा. एकेकटा पांढरा आतच लपून बसला. वरून तपकिरी, पण आत दोन्ही आहेत. प्रत्येकात.”

वेंडलने हातातलं पिल्लू उजेडात धरून पाहिलं. मग तो लेकीकडे वळला.

“म्हणजे चूक तुझी. तू विचारायला हवं होतंस, बिस्किट कुठल्या घराण्यातला.”

“तुम्ही सांगायला हवं होतं!”

“दोघांची,” लोरीन स्वयंपाकघरातून म्हणाली. “निम्मी निम्मी वाटून घ्या. पिल्लांसारखी.”

आणि दोघं हसले. आधी मार्लीस, मग वेंडल, मग हसता हसता त्याला एक पिल्लू पुन्हा चावलं.

“ही मोठी झाली,” मार्लीस म्हणाली, “आणि यांची आपसात जोडी लावली, तर काही लोण्यासारखी होतील, काही पीचसारखी. आणि एखाद्यात दोन्ही पांढरे एकदम आले तर... तो रंग कसला असेल?”

“पाहिला नाही कधी,” वेंडल म्हणाला. “तीन-चार वर्षं थांबावं लागेल.”

“थांबू की.”

“मी असेन का तोवर?”

“उबेच्या त्या अंशावर भांडायला तरी राहशीलच,” लोरीन म्हणाली.

मग मोजणी झाली. एकोणीस. नऊ मार्लीसची, नऊ वेंडलची, एक उरलं.

“तू घे.”

“तुम्ही घ्या.”

“पहिली निवड मादीवाल्याची असते.”

“शेवटची नरवाल्याची!”

आता यावरून दुसरं भांडण पेटणार, तेवढ्यात लोरीनने तोडगा काढला: एक महिना इकडे, एक महिना तिकडे. पिल्लाचं नाव पडलं उरलंसुरलं.

त्या दुपारी केक खाताना लोरीनने मला शिवलं. घरात होता तो पांढरा दोरा वापरला. तो माझा पांढरा नाही, शिवण लांबूनही ओळखू येते. वेंडल म्हणाला, “दिसतोय गं टाका.” लोरीन म्हणाली, “दिसू दे.”

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी उरलंसुरलं माझ्यातून जातं, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्यातूनच परत येतं. मधल्या दिवसांतही मला सुट्टी नाही. इकडून जाताना माझ्यात लोरीनने भाजलेली, खायची गरम बिस्किटं असतात, तिकडून येताना धुतलेला डबा आणि मार्लीसच्या बागेतली भेंडी. त्या रविवारनंतर रिकामा मी कुणाच्याच दारात गेलेलो नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातला जुना अभ्रा लगेच फाडून त्याचं फडकं करू नका. फाटलाच तर शिवा, दोरा जुळला नाही तरी चालेल. आणि कुणाकडून काही आलं, मग ती परात असो, पिशवी असो की रुसवा, ते रिकामं परत पाठवू नका. आत काहीतरी घाला. फक्त ते वळवळणारं असेल, तर माझ्या तोंडाला गाठ तेवढी घट्ट मारा.