डाव्या कुशीवर

सुनेनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, पाय वर घेतले. पण अंग काही खाली जाईना.

"अजून थोडं," तपासणी करणारी मुलगी म्हणाली. "डाव्या कुशीवर व्हा. तिथूनच हृदय नीट दिसतं."

"बसून नाही का होणार?"

"बसून फोटो काढतात, ताई."

सासूबाई नातवाला कडेवर घेऊन दाराशी उभ्या होत्या. सून तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. एका दमात तळ गाठणारी ही मुलगी गरोदरपणाच्या शेवटी जिन्याच्या वळणावरच बसकण मारायची. पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. "पहिलटकरणीला व्हायचंच असं," हे सासूबाईच सगळ्यांना सांगत होत्या. मग रक्तदाब भलताच चढला आणि बाळाला वेळेआधी बाहेर काढावं लागलं. घरी आल्यावर ती आडवी झाली की गुदमरायची. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी साचत होतं. औषधांनी धाप गेली, धसका राहिला. बाळ रांगायला लागलं तरी ही भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. हृदय सावरलंय की नाही, ते आज कळणार होतं.

"अगं, एवढी पाण्यात उड्या मारणारी तू!" सासूबाई म्हणाल्या.

"पाण्याची नाही हो भीती वाटत, आई. गादीची वाटते."

"मग डोळे मीट आणि तलाव समज. पण हातपाय मारू नकोस, त्यांचं मशीन पडेल."

सुनेला हसू आलं. हसता हसता हात सैल पडले आणि ती कलंडली. तेवढ्यात बाळानं सूर लावला.

"आजी, त्याला घेऊन बाहेर बसा बरं. मला आईचे ठोके ऐकू द्या."

बाहेर बाकावर सासूबाई बाळाला थोपटत राहिल्या. त्याचा डोळा लागला. दार मात्र उघडेना. मग ती मुलगी लगबगीनं बाहेर आली, समोरच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंना घेऊन पुन्हा आत गेली. सासूबाईंचा थोपटणारा हात थांबला. उठावंसं वाटलं, पण बाळाची झोप मोडली असती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी दार आवाज न करता लोटलं.

"आजी, हृदय छान काम करतंय. हृदयाच्या भिंतीला आलेली जाडी उतरलीय, ताकद परत आलीय. गोळ्या मी सांगेपर्यंत चालू ठेवायच्या, रक्तदाब मात्र जन्मभर तपासत राहायचा. हळूहळू पोहायला लागू दे."

"मग... तुम्हाला कशाला बोलावलं?"

"तपासणी संपली तरी त्या उठेनात. हाक मारू का, विचारायला आली होती ती." डॉक्टरीणबाई हसल्या. "घोरताहेत. मी म्हटलं, राहू दे. पुढच्यांना शेजारच्या खोलीत घेऊ."

सासूबाई दाराकडे बघत राहिल्या.

बाळ जागं झालं. खांद्यावर तोंड घासू लागलं, मग त्यानं भोकाड पसरलं. सासूबाई झटक्यात उठल्या आणि त्याला घेऊन पार पलीकडच्या खिडकीशी गेल्या.

"भुकेजलाय हो," बाकावरच्या एका बाई म्हणाल्या. "आई कुठंय त्याची?"

"झोपलीय."

तेवढ्यानं सासूबाईंचं समाधान होईना. त्या वळल्या, आणि रडण्याच्या वर आवाज काढून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"आडवी झोपलीय!"