आत्याने सांगितलेला सिनेमा

१९६४ साल. दसरा होऊन आठवडा झाला होता. आमच्या घरमालकीण विशालाक्षम्मा पायरीवर उभ्या राहून आत्याला कानडीत सांगत होत्या, "उद्या मॅटिनीला तू मध्ये बसायचं, वसंता. एका बाजूला ती सांगून आलेली मुलगी, एका बाजूला आमचा नरसिंहमूर्ती."

आत्याने तपासायच्या वह्यांवरून मान वर केली. "मी कशाला मध्ये?"

"मग कोण बसणार? मुलीला हिंदी येत नाही, यालाही येत नाही. तू सांगशील तेवढाच सिनेमा. शिवाय तुझ्याशेजारी बसायला कुणालाही संकोच वाटत नाही."

"बरं," आत्या म्हणाली आणि पुढची वही ओढली.

माझी आत्या मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायची. त्या काळी म्हैसुरात हिंदी सिनेमा लागला की आळीतल्या बायका तिला बरोबर न्यायच्या. पडद्यावर कुणी बोललं की ती खालच्या आवाजात त्याचं कानडी करायची आणि सबंध रांग एकदम हसायची किंवा रडायची. तिचं वय तेव्हा तेहतीस होतं. तिच्या लग्नाचा विषय घरात निघेनासा झाला होता.

नरसिंहमूर्ती हा विशालाक्षम्मांचा धाकटा भाऊ, रेल्वेत कारकून. माझ्या आजोबांची दृष्टी गेली होती. तो रोज संध्याकाळी साडेसहाला येऊन त्यांना कानडी पेपर वाचून दाखवायचा. असं सात वर्षं चाललं होतं. त्या अर्ध्या तासात आत्या कॉफी करायची आणि मग दाराशी बसून बातम्या ऐकायची. ती सकाळी शाळेत तोच पेपर वाचून आलेली असायची, हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

त्यांच्या कानडी आणि आमच्या मराठी घरांत विवाह होत असत. कुणी विचारलं असतं तर अडायचं काही कारण नव्हतं. विचारलं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत आम्ही ओळीने बसलो. मुलीची आई, तुंगा नावाची ती मुलगी, आत्या, नरसिंहमूर्ती, विशालाक्षम्मा. मी आत्याच्या पायाशी, पायरीवर.

सिनेमातला नायक एका मुलीवर प्रेम करत होता आणि बोलत नव्हता. तिचं दुसरीकडे ठरलं. मग त्याने दाढी वाढवली, खोकायला लागला, पावसात भिजला. दर थोड्या वेळाने व्हायोलिनं वाजत.

"एनंते? एनंते?" विशालाक्षम्मा विचारत. काय म्हणतोय, काय म्हणतोय.

"म्हणतोय, जगण्यात अर्थ नाही."

"अय्यो, पाप! बिचारा! कामधंदा काय करतो हा?"

"काही नाही. म्हणून तर रडायला वेळ आहे," आत्या म्हणाली. तुंगा पदराआड हसली. नरसिंहमूर्तीही हसला आणि त्याने पहिल्यांदा तुंगाकडे नीट पाहिलं.

मग लग्नाच्या आदल्या दिवसाचा प्रसंग आला. नायिका अंगणात उभी, नायक खांबाकडे तोंड करून पाठमोरा. नुसती व्हायोलिनं. मी तेव्हा हिंदीच्या पहिल्या परीक्षेला बसले होते, आत्याच्याच हाताखाली, म्हणून कान देऊन ऐकत होते. पडद्यावर कुणी बोलत नव्हतं.

"काय म्हणतोय, टीचर?" नरसिंहमूर्तीने विचारलं.

आत्या पडद्याकडे बघत राहिली. मग नेहमीच्याच आवाजात सांगू लागली.

"म्हणतोय, सात वर्षं वाट बघितली. रोज संध्याकाळी. तुमच्या लक्षात यावं म्हणून काहीच केलं नाही, ती चूक माझी. आता तुम्ही सुखात राहा. मला काही नको. एकदा कानावर घालायचं होतं, इतकंच."

सिनेमातली ओळख एका उन्हाळ्याची होती.

विशालाक्षम्मांनी नाक पुसलं. "मग ती काय म्हणाली?"

"तिला ऐकू गेलं नाही."

"एवढं मनात होतं तर या गड्याने आधी बोलायचं की," नरसिंहमूर्ती म्हणाला. "अल्वा, टीचर? खरं ना?"

"हो. बोलायला हवं होतं."

पुढे नायक मेला. त्याला बरीच रिळं लागली. आत्याने एकही वाक्य गाळलं नाही. बाहेर आल्यावर तुंगाच्या आईने तिला बाजूला घेऊन विचारलं, मुलगा कसा आहे? आत्या म्हणाली, "चांगला आहे. व्यसन नाही. म्हाताऱ्या माणसांना वेळ देतो."

परतताना आम्ही दोघी मागे राहिलो.

"आत्या, तिथं तो काही बोललाच नाही की गे."

"कळलं तुला?"

"हो."

"मग परीक्षेत पास होशील." थोडं चालून म्हणाली, "हळू चल गे. पाय दुखायलेत."

माघात लग्न झालं. नरसिंहमूर्ती येईनासा झाला. पेपर आत्या वाचू लागली. आजोबा आणखी दोन वर्षं होते. तिच्या वाचण्यात दम नाही, असं ते म्हणत.

विशालाक्षम्मा सत्तर साली गेल्या. नरसिंहमूर्तीने पुढे कुवेंपुनगरात घर बांधलं. त्याला दोन मुलं झाली. १९९१ साली तो हृदयविकाराने गेला. बाराव्या दिवशी मी आत्याला घेऊन भेटायला गेले. तुंगाने तिला आतल्या खोलीत नेलं आणि पलंगावर आपल्याजवळ बसवलं.

"वसंतक्का, मुलांचा अभ्यास घेता घेता मलाही हिंदी आली. तो सिनेमा टीव्हीवर दोनदा लागला. हे घरीच होते, पण बघत मी एकटीच होते. तिथं तो बोलत नाही."

"नाही."

"यांना मी सांगितलं नाही." तुंगा आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत होती. "सांगायला हवं होतं का?"

आत्या म्हणाली, "नको होतं. बरं केलंस."

आत्या २००३ साली गेली, माझ्याच घरी. शाळेतून दोघीतिघी आल्या. शेजारी आले, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसून उठून गेले. तुंगा रिक्षातून एकटीच आली. मी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. तिने ती बाजूला सारली, गुडघे धरत धरत खाली टेकली आणि आत्याच्या उशाशी, आम्हा घरच्यांच्या रांगेत बसून राहिली. आत्याला उचलून नेईपर्यंत ती उठली नाही.