मगरिबच्या बांगेनंतर

मुनाजिपचा दिवस नेहमीसारखाच गेला होता. त्याने मशिदीच्या चटया उन्हात झटकल्या, नमाजाआधी हातपाय धुवायचा वजूचा हौद घासला, नळाची गळती थांबवली. वीस वर्षं बांग तोच देत होता, आणि त्याच्या बांगेवर लोक घड्याळं लावत.

पण आमच्या गावाने त्या बांगेला भलतंच काम लावलं होतं. एखादी मुलगी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेनंतर मुलाबरोबर गावात आली, की तिचं त्याच्याशी लग्न लावायचं. मग ती बारा वर्षांची का असेना! हे कुराणात कुठे आहे, असं कुणी विचारत नसे. गेल्या वर्षी सुहैनीचं असंच उरकलं, आणि चौदाव्या वर्षी ती पोर बाळंतपणात गेली. तिच्या जनाज्याची नमाज पढून सगळे निमूट घरी परतले. मीही परतलो.

आज मुनाजिपची पंधरा वर्षांची हिलमियाती वर्गातल्या साप्री नावाच्या मुलाच्या मोटारसायकलवरून परीक्षेचा अर्ज भरायला तालुक्याला गेली होती. भातखाचरांवरचं ऊन सरलं तरी तिचा पत्ता नव्हता. तिची आई रुसमिनी धावत मशिदीच्या पायरीशी आली.

"अहो, पाच मिनिटं थांबा ना. येईलच ती."

"माझ्या पोरीसाठी नमाजाची वेळ सरकवू?"

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना, रुसमिनी."

त्याने वेळेवर बांग दिली. आवाज दोनदा फाटला. डोळे रस्त्यावरच होते, आणि रस्ता रिकामा होता.

नमाज आटोपून तो बाहेर आला, तेव्हा हिलमियाती हौदापाशी उभी होती. हात ग्रीसने काळे झालेले.

"अमाक, साखळी तुटली हो. दोघं गाडी ढकलत आलो. तुमची बांग ऐकली, म्हणून शेतातल्या नमाजघरात नमाज पढले आणि मग आले." बापाची बाही धरून ती म्हणाली, "मला शाळा सोडायची नाही."

गावप्रमुख जुमाहिरने इशाच्या, रात्रीच्या नमाजाच्या, आत सगळं जमवलं. साप्रीला टोपी घालून मशिदीत बसवलं. पोरगा सारखा दाराकडे बघत होता. पडद्यामागे बायका हिलमियातीला जरीची ओढणी गुंडाळत होत्या.

"रडतेस काय गं? सगळ्याच रडतात," एक जण हसून म्हणाली.

"धर जावयाचा हात," जुमाहिर मुनाजिपला म्हणाला. "बापाने 'मुलगी दिली' हे वाक्य म्हटल्याशिवाय निकाह होत नाही. बांग तूच दिलीस ना? पोर नंतर आली. आता तोंड उघड."

"सुहैनीच्या वेळीही बांग मीच दिली होती," मुनाजिप म्हणाला. "तेव्हा उघडायला हवं होतं."

"लांबड लावू नकोस."

"मी नमाजाला बोलावलं होतं, जुमाहिर. माझी पोर नमाज पढून आली. लग्नाला मी कुणालाच बोलावलं नव्हतं. हे वाक्य मी म्हणणार नाही."

"मग उद्यापासून या मशिदीत तुझी बांग नको!"

"उद्यापासून कशाला?"

मुनाजिप उठला. पडद्यापाशी जाऊन त्याने लेकीला हाक मारली. ओढणी तिथेच टाकून ती बाहेर आली, मागोमाग रुसमिनीही, आणि तिघं घराकडे निघाली.

इशाची वेळ झाली. मशिदीत आम्ही चाळीस माणसं होतो आणि बांग सगळ्यांना येत होती. पण द्यायला कुणी उठेना.