बद्द वाजलेला नांगर

मी नांगर बोलतोय. शेतातला नव्हे, होडीचा. मला दोन हात होते, आता एकच उरलाय आणि त्याला महादू मेस्त्रीची बकरी बांधतात. समुद्राच्या तळाशी रुतायला जन्मलो आणि बकरीच्या लेंड्यांत रुतलो. हसू आलं तर हसून घ्या.

नांगर होण्याआधी मी मेस्त्रीच्या ह्याच मालवणच्या लोहारशाळेत सात वर्षं भंगार म्हणून पडून होतो. थोडा गाडीच्या चाकाची धाव होतो, थोडा फुटक्या गलबताचा पट्टा. त्यामुळे त्रेपन्न साली गंगाराम आला तो दिवस मी पाहिलाय. कट्टा गावाहून चालत आलेला, विशी ओलांडलेला गडी. काम शिकायला आलोय, एवढंच म्हणाला आणि सांगायच्या आत भात्यापाशी बसला.

दोन वर्षं त्यानं भाता ओढला, मग घण हाती आला. ह्या शाळेत ऐरणीपाशी बोलायचं नसतं. मेस्त्रीची छोटी हातोडी बोलते. ती जिथे टेकेल तिथे शिकणाऱ्यानं घण घालायचा, आणि ती मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. का, कशाला, असं विचारायची सोय नाही. मग एखाद्या खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, मेस्त्री ती हातोडी उचलून त्याच्या हातात देतो. त्या दिवशी तो लोहार होतो. गंगारामचा सगळा जीव त्या हातोडीत अडकला होता. दर नवमीला नवा सदरा घालून यायचा आणि हात हलवत परत जायचा.

साठ साली श्रावणात तुकाराम नावाच्या मच्छीमारानं नव्या होडीसाठी नांगर सांगितला आणि मला भंगारातून ओढून भट्टीत घातलं. मेस्त्री गंगारामला म्हणाला, "ह्यो नांगर बरो झालो तर नवमीक हातोडी तुझी." त्या दिवशी त्याचा घण काय पडत होता म्हणून सांगू! इतक्या मायेनं मला कुणी बडवलं नाही.

पण कोळसा ओलसर होता. माझे हात जोडताना हवा तेवढा ताव आला नाही आणि सांधे आतून कच्चे राहिले. असं होतं कधी कधी. म्हणून तर नांगर आढ्याला टांगून वाजवून बघतात. खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर पुन्हा भट्टीत.

मेस्त्रीनं मला टांगलं, हातोडी मारली. मी बद्द वाजलो, अगदी फुटक्या मडक्यासारखा. मेस्त्री मान डोलावून म्हणाला, "खणखणीत!"

तीस वर्षं ऐरणीपाशी काढून त्याचे कान गेले होते. हे त्याच्या बायकोला, शेवंतीला ठाऊक होतं आणि त्याला स्वतःला मान्य नव्हतं. गंगारामनं तोंड उघडलं. मग मेस्त्रीच्या हातातल्या हातोडीकडे बघितलं आणि मिटलं. गुरूला बहिरा म्हणायचं कसं, आणि तेही नवमी दीड-दोन महिन्यांवर आली असताना? त्याला दोष देताना माझीच जीभ अडखळते. मी अजून मोठ्यानं बद्द वाजायला हवं होतं.

नवमीला आठ दिवस असताना वारा उलटला. तुकारामनं किनाऱ्याजवळ होडी उभी करून मला पाण्यात सोडलं. मी तळाला घट्ट धरलं. दोरी ताणली, पुन्हा ताणली, आणि माझा डावा हात सांध्यातून निखळला. होडी खडकावर जाऊन फुटली. तुकाराम आणि त्याचा भाऊ पोहून जगले. होडी पहिल्याच हंगामात गेली.

सकाळी तुकारामनं मला खांद्यावरून आणून शाळेच्या दारात टाकलं. निखळलेल्या सांध्याकडे बोट दाखवलं. मेस्त्री माझ्याकडे वाकणार एवढ्यात गंगाराम पुढे झाला आणि प्रत्येक शब्द त्याला कळेल असा मोठ्यानं म्हणाला, "चूक माझी. तुम्ही थांब म्हटल्यावर पण मी घण मारलंय."

मेस्त्रीनं मला बघितलंच नाही. गंगारामकडे बघितलं. "उद्यापासून येव नको," म्हणाला.

गंगाराम मुंबईला गोदीत कामाला लागला. त्या वर्षी नवमीला हातोडीची पूजा झाली आणि ती परत खिळ्याला गेली.

दोन वर्षांनी मला मोडून कोयते करायचे म्हणून मेस्त्रीनं उचललं. हात सवयीचा, आधी वाजवून बघितलं. शेवंती दाराशी होती, तिनं तोंड वाकडं केलं. ते मात्र त्याला दिसलं. "खरा सांग, कसो वाजता?" त्यानं विचारलं. तिनं कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "बद्द. त्या दिवशी पण बद्दच वाजलेलो. मी घरातसून ऐकलंय." मेस्त्री खाली बसला. जेवायची वेळ टळून गेली तरी उठला नाही. मला मोडायचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

सहासष्ट साली गंगाराम बहिणीच्या लग्नाला गावी आला आणि भेटायला आला. शेवंती विहिरीवर गेली होती. मेस्त्रीनं हातोडी काढून त्याच्यापुढे धरली. गंगारामचे डोळे भरले. खाली मान घालून तो हळू म्हणाला, "माका नको, मेस्त्रीनू. त्या दिवशी बद्द वाजलेला माका ऐकाक इल्ला. ह्या हातोडीपायीच मी गप ऱ्हवलंय."

मेस्त्री हसला. "होय, होय. दांडो नवो घातलंय."

गंगारामनं हातोडी घेतली. नव्या दांड्यावरून बोटं फिरवली. मग मोकळ्या ऐरणीवर एकच टोला दिला, ती तिथेच ठेवली आणि पाया पडून निघून गेला. टोला मेस्त्रीला ऐकू आला नसेल, पण थांबायची ती खूण त्यानं बघितली. त्यानंतर त्यानं भट्टी पेटवली नाही.

मी अंगणात आहे, गंजतोय. एक हात अजून अंगाला आहे, तोही कच्चाच. कधी इकडे आलात तर एखादा दगड घेऊन मला वाजवून बघा. आणि जे ऐकू येईल ते मोठ्यानं सांगा, कुणाला राग आला तरी.