पायासाहेबांचे जर्बेरा

मनुष्याने या पृथ्वीतलावर जे जे टिकाऊ उभारले, ते खोल पायावर उभारले. हे सत्य पायासाहेबांनी अकरा पूल बांधून सिद्ध केलं होतं आणि खात्यात त्यांना हे नावही त्यामुळेच पडलं होतं. या अकरांपैकी एकाही पुलाला कधी फूल आलं नव्हतं, एवढी एक बाब मात्र निवृत्तीपर्यंत कोणी त्यांच्या कानावर घातली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरापुढच्या मोकळ्या जागेत जर्बेराची बारा रोपं लावली. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुलतं, म्हणून हे झाड त्यांना पसंत पडलं. पण त्याच जागेवर मुलीचाही डोळा होता. तिची नवीकोरी मोटार रस्त्यावर उन्हात तापत होती.

"बाबा, दोन महिन्यांत एक तरी फूल दाखवा," ती म्हणाली. "नाहीतर फरशी घालून मी तिथे गाडी लावणार."

"एक? अगं, मोजायला माणूस ठेवावा लागेल!"

रोपवाटिकेतल्या माळ्याने बजावलं होतं की पानं जिथून फुटतात ती रोपाची मान मातीच्या वर राहू द्या, गाडली की कुजते. बायकोने तीनदा आठवण केली. "त्याने किती पूल बांधलेत?" एवढंच विचारून साहेबांनी बाराही रोपं मानेसकट गाडली आणि वरून माती ठोकून घट्ट केली.

बायकोने वाद घातला नाही. या माणसाचं मत हलवण्यापेक्षा रोपं हलवणं सोपं, हे तिला बत्तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. शिवाय स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला मोटारीचं बूड बघायचं नव्हतं. दुपारी साहेब घोरायला लागले की ती आमटी वाढायचा जुना डाव घेऊन बाहेर जायची आणि एकेक रोप अलगद दोन बोटं वर उचलून ठेवायची.

संध्याकाळी साहेब पट्टी घेऊन हजर.

"अगं, ही वर आलीत!"

"वाढत असतील."

"वाढतात ती पानं. इथे अख्खं रोप उचललं गेलंय. जमीन फुगतेय, जमीन!"

"अगंबाई," ती कांदा चिरता चिरता म्हणाली. "आता हो?"

आता म्हणजे साहेबांनी रोपं पुन्हा गाडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर. हा खेळ पंधरा दिवस चालला. साहेबांनी पोटमाळ्यावरून जमीन-मोजणीची दुर्बीण काढली, कुंपणाच्या भिंतीवर खडूने खूण केली आणि जमिनीच्या उठावाचा तक्ता तयार केला. तो त्यांनी खात्यातल्या एका जुन्या माती-तज्ज्ञ मित्राला पाठवला. मित्राचं उत्तर उलट टपाली आलं: 'जमीन रोज एवढी उठत असेल, तर सहकुटुंब घर सोडावे.'

साहेब घर सोडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कुठूनसा जमीन ठोकायचा दगडी धुम्मस आणला, दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलला आणि तिथेच त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी पाच आठवडे वाकायला बंदी केली.

"रोपांचं काय?" साहेब पडल्यापडल्या विव्हळले.

"मी आहे ना," बायको म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

मुदतीला तीन दिवस उरले असताना एक केशरी फूल उमललं. साहेब काठी टेकत बाहेर आले. अजून नीट वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी उभ्यानेच त्याची पाहणी केली.

"बसली एकदाची जमीन," ते म्हणाले. "बघितलंस? ठोकणं कधी वाया जात नाही."

"तुमचाच हात हो," बायको म्हणाली आणि डाव धुवायला आत गेली.

मुलीने हार मानली. तरीही, कडेच्या चिंचोळ्या पट्टीत गाडी मावते का ते बघावं म्हणून ती टेप घेऊन आली आणि सुरुवात फाटकापासून केली. फाटकाची आखणी साहेबांचीच होती.

गाडी फाटकापेक्षा नऊ सेंटिमीटर रुंद होती.