नागपूरला रक्त नेणारी पेटी

मी थर्माकोलची पेटी बोलतेय. कोपरे झिजलेली, चिकटपट्टीने सांधलेली. गोंदियातल्या मुन्नालालच्या रक्ततपासणी केंद्रातून रोज रक्ताच्या नळ्या घेऊन नागपूरच्या प्रयोगशाळेत जायचं, हे माझं आयुष्य.

केंद्राच्या पाटीवर नावं बघा: साखर, थायरॉइड, एचएलए-बी २७. हे शेवटचं काय, विचारलं तर मुन्नालाल शेंगा फोडत सांगतो, "खून की जाँच है, और क्या!"

२०११ च्या हिवाळ्यात तिरोड्याकडची रचना आली. बावीस वर्षांची. सकाळी कंबर अशी आखडायची की उठवायला आई लागायची. दुपारपर्यंत सैल व्हायची. शेजारणी म्हणत, "सडासारवण झालं का हिची कंबर बरी!" काय थोर निदान! शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी ही तपासणी लिहून दिली आणि बजावलं, "रिपोर्ट घेऊन लगेच या. पाठ जखडायच्या आत औषध सुरू करू."

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

आमच्याकडे लग्न जुळवताना सिकलसेलचं, म्हणजे मायबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, कार्ड बघतात. पांढरं म्हणजे निरोगी. लाल म्हणजे आजारी. पिवळं म्हणजे नुसता वाहक, त्याला औषध नाही. रक्तातून येणारं म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. रचनाची आई सुशीलाबाई म्हणाली, "हे बी मायबापाकडूनच येते म्हंते. लाल हाय का पिवळं, भाऊ?"

हा आजारच वेगळा, पाठीचा कणा हळूहळू जखडणारा; त्याला कार्डही नाही. पण "मला माहीत नाही" म्हणेल तो मुन्नालाल कसला! कागद उलटासुलटा करून म्हणाला, "पीला समझो, अम्मा. टेन्शन नहीं."

"मंग औषध कायले? पांढऱ्या कार्डाचा पोरगा पाहू."

"आई, पण बाई बोलावून राहिल्या ना..."

"चूप राय! गावभर बोंबलतं का?"

आणि दोघी बस धरून घरी गेल्या. दवाखाना दोन गल्ल्यांवर होता.

आज चार वर्षांनी रचना परत आली. ओढणी घसरून खाली पडली. तिला वाकता येईना. पायाच्या बोटांनी उचलू लागली, तेव्हा आईने तोंड फिरवलं. जखडलेलं सुटणार नाही, औषधाने उरलेलं वाचवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. त्याआधी पुन्हा रक्त तपासायचंय.

"तब दवाई क्यों नहीं ली, बेटा?" मुन्नालाल विचारतो! 

"तुमीच सांगतलं ना जी."

तो नळीचं टोपण घट्ट करत बसला.

तिचं रक्त घेऊन मी निघालेय. तुम्ही मात्र रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर पंचायत भरवू नका. ज्यांनी तपासणी लिहिली, त्यांच्या दारात जा. त्याच दिवशी.